ठासली मी, उडवली त्यांनी

सोमवार, ८ सप्टेंबर
आजही काम नाही. भांडी मशीन घासतं, कपडे मशीन वाळवतं, मी खिडकीशी उभी राहून ट्राम बघते. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. मेघनाला म्हटलं, मी बोलते, तू लिही, तुझी मीटिंग सुरू व्हायच्या आत. सुनेने लिहायचं ते मी सांगेन तेच. पदरची अक्कल घालायची नाही. हेही लिही. लिहिलंस? बरं.

परवा प्रसाद नेमबाजीच्या क्लबातून आला. दारातच वास ओळखला. जळक्या दारूचा, बंदुकीच्या. ह्यांच्या सदऱ्याला यायचा तोच. मेघनाला म्हणे मळमळतं. मला भूक लागली.

पुण्यात होता तेव्हा पोरगा फुलबाजी लांब धरून पेटवायचा. इथे हॉलंडात, अॅमस्टेलव्हीनला येऊन त्याला ठासणीच्या बंदुकीचा छंद लागलाय. दुसरे लोक सायकल घेतात.

मंगळवार, ९ सप्टें.
बंदूक पाहिली. खाली सायकली ठेवायच्या कोठीत, भिंतीला आवळलेलं लोखंडी कपाट. पोलीस येऊन कपाट बघून जातात. प्र. म्हणाला, "आई, नुसतं बघायचं. हात लावायचा नाही." लावला.

नळी गार. दस्ता गुळगुळीत, अक्रोडाचा. आमची होती तिचा दस्ता फणसाचा, चिरलेला, वर तार गुंडाळलेली. डुकरं भातात शिरायची म्हणून सरकारने परवाना दिलेला. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची. हे गेले तेव्हा जमा केली ती कायमची.

भात पिकलं की हे माळ्यावर बसायचे आणि मी खाली ठासून द्यायची. आधी दारू, मग काथ्या, मग छर्रे, परत काथ्या, मग गजाने ठोकायचं. गज उसळून वर आला की बसली. एवढी वर्षं मी ठासली, चाप मात्र एकदाही ओढला नाही. मागितली तर म्हणायचे, "तुजो खांदो निखळतलो गो." आणि बार काढून माझ्याकडेच बघायचे, कसा काढला म्हणून.

मेघना लिहिता लिहिता विचारते, "मग आता?" आता काय. आता मला एक बार काढायचाय. परत गावाला जायच्या आत. एकच.

शनिवार, १३ सप्टें.
प्र.ला सांगितलं. चहा नाकात गेला त्याच्या.
"आई, अगं तुझं वय काय!"
तेव्हा नवी नवरी म्हणून नाही. आता म्हातारी म्हणून नाही. मधे एखादा दिवस असेल बरोबर वयाचा, तो कोणी कळवला नाही मला.
ईरा म्हणाली, "आजी, डू नॉर्माल." नात अकरा वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर डचमध्ये. नीट वाग म्हणते मला.

शनिवार, २० सप्टें.
क्लबात जाऊन आले. नुसती बघायला, असं ठरवून. बाडहूव्हडॉर्प गावाच्या पलीकडे, विमानं कौलं घासून जातात असं वाटतं. मी पातळावर ईराच्या बापाचं जाकीट. कानाला मोठी कानटोपी, आवाज कमी करणारी. मेघना आली नाही. ती म्हणते, तिथे पाऊल टाकणार नाही. (हो, तूच म्हणालीस. लिही.)

तिथे हेंक. प्र.ला शिकवणारा. माझ्याच वयाचा, ताडासारखा उंच, बंदुकीपायी कानाने अर्धा गेलेला. दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत ओतायची इथे बंदी, ठिणगी राहिली असेल तर शिंगच हातात फुटेल. घरून मापून छोट्या नळकांड्यांत आणायची. हे मला पटलं. आमच्या वाडीतल्या एकाची दोन बोटं अशीच गेली.

मग हेंकने दुसरं नळकांडं काढलं. पांढरं. दारूवर ओतलं. मी म्हटलं हे काय? प्र. म्हणाला, "रवा."
"रवा? शिऱ्याचा?"
"हो गं. दारू आणि गोळीच्या मधे जागा भरायला. नेम चांगला लागतो."
मी अशी हसले की कानटोपी पडली. डुकराला शिरा! हेंकने विचारलं काय झालं, प्र.ने सांगितलं, हेंक नंतर हसला. त्याला सगळं नंतर ऐकू येतं.

निघताना मीच हेंकसमोर उभी राहिले. छातीवर बोट, बंदुकीवर बोट, तोंडाने ठो. त्याने मान डोलावली. प्रसादचं तोंड बघण्यासारखं झालं.

शुक्रवार, २६ सप्टें.
मी बाराचा विषय काढते, प्र. फोन काढतो. घरभर फिरून झालं. मेघनाच्या मीटिंगमध्ये दोनदा मागे दिसले म्हणे.

बुधवार, १ ऑक्टोबर
खंडेनवमी. बंदूक वर आणून पाटावर ठेवली. मेघनाने झेंडू आणला, कुंकूही तिनेच लावलं, बोटाच्या टोकाने, विंचवाला लावावं तसं. पूजा झाल्यावर पुसून घेतली, ओल राहिली तर गंज चढतो.
प्र. पुसता पुसता म्हणाला, "शनिवारी ये. पण मी सांगेन तसंच."
मी झेंडू वेचत राहिले. बोलले असते तर बदलला असता.

शनिवार, ४ ऑक्टो.
सांगते. पण हळू लिही.

पाहुण्याने पासपोर्ट दाखवून सही करायची. सही कुठली, अंगठा. त्यांच्याकडे शाईचं पॅड नाही. सगळे एकमेकांकडे बघतात. हेंकने नळी पुसलेली काळी चिंधी पुढे केली. मी तीत अंगठा घोळला आणि उमटवला. एवढा सुंदर अंगठा माझा कुठल्या कचेरीत उठला नव्हता.

मग म्हटलं, ठासणार मीच. तेवढं येतं मला. प्र. "अगं" म्हणाला, हेंकने त्याला हाताने गप्प केलं. मी ठासता ठासता हेंकला डुकराची गोष्ट सांगत होते, मराठीत, तो मान हलवत होता. नळकांडं रिकामं केलं, दुसरं केलं, गोळी, गज. गज उसळला. ठिणगी पाडणारी केप बसवली. दस्ता खांद्याला. घोडा मागे. चाप.

टक्.

एवढंच. केप फुटली, बार नाही. हेंक ओरडला, नळी समोरच ठेव! धरून ठेवली, हात भरून येईपर्यंत. दुसरी केप. टक्. मग हेंकने टेबलावरची नळकांडी उचलून बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

रवा आधी गेला होता. दारू त्याच्यावर. ठिणगी शिऱ्यात विझली.

इथे मेघना हसते आहे. हस. सगळे हसले, मीही हसले. मग त्यांनी मागच्या भोकातून गॅस सोडला, फुस्स झालं, आणि गोळी पुढ्यात पडली, बकरीच्या लेंडीसारखी. तोवर वेळ संपली. गाडीत प्र. म्हणाला, "होतं गं. हेंकचंही झालंय." मी विमानं बघितली.

दारू आधी. हे हाताला झोपेत माहीत आहे. पण तोंड चाललं होतं.

रविवार, ५ ऑक्टो.
विमान गुरुवारचं. क्लब पुढच्या शनिवारी. प्रसाद म्हणतो, "पुढच्या वर्षी नक्की, आई." पुढच्या वर्षी म्हणायला त्याच्या बापाचं काय गेलं? त्याच्या बापाचंही काही जायचं नाही, तेही हेच म्हणायचे.
तिकीट पुढे ढकल म्हटलं. व्हिसा संपतो म्हणे. सरकार इथेही आहेच.

सोमवार, ६ ऑक्टो.
बॅग भरली. उपसली. परत भरली.
दुपारी स्वयंपाकघरात लाटणं खांद्याला लावून नेम धरत होते. इथे लोक पडदे लावत नाहीत. समोरची बाई कपबशी धरून बघत राहिली. मी लाटणं खाली केलं नाही. शेवटी तिनेच हात हलवला.

मंगळवार, ७ ऑक्टो.
हे मेघना लिहायला तयार नाही. म्हणून जास्तच लिही.
सकाळी तिने दार लावून फोन केला. डचमध्ये. "मूडर, मूडर" एवढं कळलं, आई म्हणजे. बाहेर आली, कान लाल. हेंककडे क्लबाच्या चाव्या असतात. उद्या संध्याकाळी साफसफाईला चारजण जमतात, त्यांच्या आधी तो उघडतो म्हणाला. स्वतःची बंदूक देणार. प्रसाद उद्या टिलबर्गच्या ऑफिसात, यायला उशीर.
"मग मला नेणार कोण?"
"मी. पण आत येणार नाही हं, आई. गाडीत बसेन."
"बस. काच खाली ठेव."

बुधवार, ८ ऑक्टो.
जाकीट घातलं. काढलं. घातलं. वारा सुटलाय. मेघना किल्ली शोधते आहे, तिच्या हातातच आहे. तिला म्हटलं, निघायच्या आधी दोन ओळी.

प्र.चा फोन आला. मेघनाने की हेंकने, कोणीतरी सांगितलंच त्याला. "आई, खांद्याला टॉवेल लाव. आणि आधी दारू." माझ्यासारखंच बोलतो मेला.

मेघना म्हणते, आल्यावर लगेच लिहू, ताजं असताना. नाही. आल्यावर लिहायचं नाही. बार झाला तरी नाही, टक् झालं तरी नाही. आजवर मी भरून दिलं, दुसऱ्याने उडवलं. बोलले मी, अक्षर तुझं. वाईट वाटून घेऊ नकोस, अक्षर चांगलं आहे म्हणतात तुझं. पण आजचं माझ्याजवळ राहू दे. प्रसादने विचारलं तर सांग, आईला विचार. मला विचारलं तर मी बघेन.

चल. पेन ठेव, उशीर होईल.