अकरा कडव्यांची होडी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा बुकबाइंडिंग, आज सकाळी चहा पिऊन, चष्मा पुसून, कोणाचाही धाक किंवा लाडीगोडी नसताना हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. तो मिळताना काय झाले ते कलम सहामध्ये येईल. तोवर कोणी पाने पुढे उलटू नयेत. मी जन्मभर पाने क्रमाने लावली आहेत.

माझी अपत्ये दोन. थोरला दूरच्या शहरात विमा कंपनीत आहे आणि लोकांना भीती विकतो. धाकटी, वय एकेचाळीस, माझ्याजवळ राहते आणि पुस्तकांची शिलाई माझ्यापेक्षा सुबक करते. तिला नवव्या वर्षापासून फिट येते. औषधे नेमाने चालू आहेत, तरी वर्षाकाठी तीन-चार वेळा येतेच. तिची आई बारा वर्षांपूर्वी गेली. जाताना म्हणाली, "हिला जपा, पण फार जपू नका." यातले अर्धेच मी ऐकले.

कलम १. घर. शिंप्याच्या दुकानावरच्या या दोन खोल्या माझ्या मालकीच्या आहेत. पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते, 'घर विकावे व धाकटीस थोरल्याने सांभाळावे.' तिला वाचून दाखवले. हातातली सुई खाली न ठेवता ती म्हणाली,

"बाबा, मी काय शिसवी कपाट आहे? दादाला मी, आत्याला खुर्च्या?"

"अगं, मी गेल्यावर तुझ्याजवळ कोण असेल?"

"मला विचारलंत?"

विचारले नव्हते. बत्तीस वर्षांत सुचलेच नव्हते. सबब हे कलम तूर्त अर्धवट सोडतो.

कलम २. थोरल्यास. त्याने पाठवलेला मनगटी पट्टा त्यालाच परत द्यावा. धाकटी पडली की पट्ट्यातून त्याच्या फोनवर घंटा वाजावी, अशी योजना होती. परंतु बाइंडिंगमध्ये पुस्तकाची पाठ हातोडीने ठोकावी लागते. पहिल्याच दिवशी तिने एक शब्दकोश ठोकला आणि थोरला भर मीटिंगमधून उठून सतरा वेळा फोन करता झाला. "ती पडली?" "नाही रे, 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत नीट बसली." तिच्यासाठी त्याने घरी एक खोलीही सजवली आहे. टेबलांचे कोपरे कापले, भिंतींना गादी लावली, छतात कॅमेरा बसवला. सूनबाई फोनवर म्हणाल्या, "ताईंना कशालाच हात लावायला लागणार नाही." त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण अंडीसुद्धा इतकी जपून ठेवत नाहीत.

कलम ३. माझ्या थोरल्या बहिणीस. तिने दिलेली लोखंडी किल्ली, फिट आली की मुठीत कोंबायची, ती साभार परत. किल्ली कोणत्या कुलपाची, हे तिने अजून सांगितलेले नाही. शिवाय तिचा सल्ला, "काही न सांगता लग्न उरकून टाक, लग्नानंतर सगळं सुरळीत होतं," हाही परत. तेव्हा मी म्हणालो होतो, "अक्का, तुझं झालं, सुरळीत झालं का?" त्यानंतर ती चार वर्षे बोलली नाही. ती चार वर्षे आमच्या घरात शांततेची गेली, हे येथे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.

कलम ४. कविता. ही माझी खरी मिळकत. सहावीच्या पुस्तकातली, एका होडीवरची, अकरा कडव्यांची. गुरुजी टेबलावर डस्टर आपटून ठेका धरायचे, खडूची धूळ उन्हात तरंगायची आणि आम्ही चाळीस पोरे एकदम त्या होडीत बसायचो. आजही डोळे मिटले की मी तिसऱ्या बाकावर असतो.

धाकटीला पहिली फिट आली तेव्हा मी घाबरून तिला कुशीवर वळवले, डोक्याखाली न शिवलेले कागद सरकवले, आणि तोंडातून ती कविताच बाहेर पडू लागली. दुसरे काही येत नव्हते. तेव्हाच्या डॉक्टरांनी विचारले, "किती वेळ चालली?" मी म्हणालो, "नऊ कडवी." त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग घड्याळ काढले. "सगळी म्हणा." मी अकराही कडवी म्हटली. "चार मिनिटं पन्नास सेकंद. ठीक आहे. होडी काठाला लागली आणि हिची फिट थांबली नाही, तर एक क्षण न घालवता दवाखान्यात आणायचं." तेव्हापासून घड्याळाकडे पाहिले नाही. एरवी ती कविता कधी तोंडातूनही काढली नाही. उगाच बोलावणे नको.

कलम ५. खालच्या मजल्यावरच्या शिंप्यास. यास माझ्याकडून काहीही मिळू नये. गेल्या फेब्रुवारीत मी आठव्या कडव्यात असताना हा इसम गळ्यात टेप घालून, न विचारता वर आला आणि माझ्याच फोनवरून त्याने अॅम्ब्युलन्स बोलावली. "कविता संपली, काका!" म्हणाला. मी म्हणालो, "तुझी संपली असेल. कपडे शीव!" असा आगाऊपणा मी उभ्या जन्मात पाहिला नाही. त्याच्याकडे शिवायला टाकलेली माझी पँटही मी परत मागवली, अर्धी.

कलम ६. दाखला. वकिलाने सांगितले, ऐंशीला टेकलात, डोके शाबूत असल्याचे लिहून आणा. धाकटीला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात वजा करायला लावले. मग म्हणाल्या, "आजोबा, पाठ असलेलं काही म्हणून दाखवा." दुसऱ्या पन्नास कविता पाठ असताना जिभेवर तीच आली. एकही शब्द न चुकता अकराही कडवी म्हटली. बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि लिहिले, 'स्मरणशक्ती उत्तम.'

धाकटी मोबाइलकडे पाहत होती. हळूच म्हणाली,

"सहा मिनिटं पन्नास."

"काय?"

"बाबा, कविता तीच आहे. तुम्ही सावकाश झालात."

हे मोजमाप कशाचे ते धाकटीने सांगितले, तशी बाईंची टाळी हवेत राहिली. म्हणाल्या, "पाच मिनिटांपुढचा प्रत्येक क्षण धोक्याचा असतो, आजोबा."

बाहेर पायरीवर बसलो. तिने सांगितले, "शिंपीदादा बत्तीस वर्षं खालून ऐकतोय. त्यालाही पाठ झाली, जुन्या चालीत. वरून तुमची सुरू झाली की मशीन चालवता चालवता तोही म्हणतो. त्या दिवशी त्याची संपली तेव्हा तुम्ही आठव्यात होता. म्हणून धावला."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमच्याकडे दुसरं काय होतं, बाबा?"

मी, जो थोरल्याच्या गाद्या-कॅमेऱ्यांना हसत होतो, माझ्याच लेकीच्या जिवावर दोन मिनिटे रेंगाळत होतो, आणि वर त्याला भक्ती म्हणत होतो. स्वतःच्या डोळ्यातले मुसळ ते हेच.

कलम ७. घर, आता शेवटचे. दोन्ही खोल्या, बाइंडिंगचे टेबल, प्रेस, हातोडी, दाभण, सुया आणि गिऱ्हाईक धाकटीचे. सांभाळ करण्यासाठी कोणासही नेमत नाही. कोणाजवळ राहायचे, कोणाला वर बोलवायचे, हे तिने ठरवावे. पाते असलेले कटिंग मशीन विकावे. हे तिचेच म्हणणे. "तेवढी अक्कल आहे मला." थोरल्याने पाहुणा म्हणून यावे, हवे तितके राहावे, छताकडे पाहू नये.

टेबलाच्या खणात न्हाणीघराची आतली कडी आहे, चार स्क्रूंसकट. धाकटी नऊ वर्षांची असताना मी काढली होती. तेव्हापासून अंघोळ करताना ती गुणगुणते, म्हणजे मला कळावे. कडी तिला देतो. बसवावी की नाही, तिचा प्रश्न.

कलम ८. कलम पाच रद्द. खोडत नाही, कारण बाइंडर पान फाडत नाही. शिंप्याला शिसवी खुर्ची द्यायची होती, परंतु साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणतो. म्हणून त्याला फक्त माफी. आणि ती अर्धी पँट, पुरी करण्यासाठी.

कलम ९. त्या पायरीवरून उठताना धाकटी म्हणाली, "एक सांगू? ही कविता मी आज पहिल्यांदा ऐकली."

खरेच. मी ती शेकडो वेळा म्हटली, दर वेळी तिच्यासाठी, आणि दर वेळी ती ऐकायला नव्हती.

"होडी काठाला लागते, हे मला ठाऊकच नव्हतं," म्हणाली. "मला वाटायचं, बुडते. तुमचा चेहरा तसाच असायचा."

ती कविता तिला देतो. शुद्धीत असताना म्हणण्यासाठी. जमेल त्या चालीत, हवी तितकी सावकाश.

वर लिहिले ते मी वाचले, मला कळले, आणि उशिरा का होईना, पटले.

सही: बाइंडर, धाकटीचा व थोरल्याचा बाप
ठिकाण: राहते घर, शिलाईच्या टेबलाजवळ
दिनांक: १९ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी साडेअकरा

आम्हा दोघांसमक्ष सही झाली. सहीनंतर आम्ही कविता म्हणून दाखवली.

साक्षीदार पहिला: शिंपी, तळमजला. चार मिनिटे पन्नास.
साक्षीदार दुसरी: वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका. चार मिनिटे चाळीस. नववे कडवे गाळले, उद्या पुन्हा.

वेळ लावली: धाकटी.