चौकशीला आलेल्यांना खरं सांगावं का

शनि. १० जाने.
वाचनालयातला निबंधाचा वर्ग. वयाने सगळ्यात थोरली मीच, सर माझ्या लेकीच्या वयाचे. गृहपाठ: एक ठाम मत घ्या, कारणं द्या, विरुद्ध बाजूही मांडा, मग तिला उत्तर द्या. बाकीच्यांनी मोबाइल, प्रदूषण वगैरे घेतलं. मी घेतलं, 'लग्नाच्या चौकशीत नातेवाइकांनी खरं सांगावं.' सर म्हणाले, "वा, वेगळा विषय!" वेगळा कसला. तीन वर्षं उरात घेऊन बसलेय.

रवि. ११
धाकट्या जावेच्या मुक्ताचं जमत आलंय. मुलगा इथलाच, गंगापूर रोडचा. माघ लागला की सुपारी. म्हणजे चौकशीचा फोन मला येणार, थोरली काकू म्हणून. येऊ दे! मुक्ताला लहानपणापासून फिट येतात, गोळ्या चालू आहेत. धाकटीने सटाण्यात बसून ते दडवलंय.

माझ्या स्नेहलच्या वेळी असा फोन धाकटीला गेला होता. "मुलगी छान आहे हो, पण... जाऊ द्या, आपल्या तोंडाने कशाला." एवढंच. मध्यस्थाने नंतर सांगितलं. पुढे सांगण्यासारखं काही नव्हतंच, तरी सोयरीक मोडली. स्नेहल अजून स्थळाचं नाव काढू देत नाही.

बुध. १४, संक्रांत
धाकटीचा फोन. "तिळगूळ घ्या, गोड बोला, ताई. मुक्ताचं आता तुमच्याच हातात आहे हो." आहे बाई, आहे.

मग निबंधाला बसले. फसवून संसार होत नाही. आजारात लाज नाही, लपवण्यात आहे. आज ना उद्या कळतंच, आणि मग सगळं खापर पोरीच्या डोक्यावर फुटतं. लिहिताना अंगात आलं होतं नुसतं. भाजी करपली. हे म्हणाले, "कुणावर एवढी चिडलीयस?" म्हटलं, गृहपाठ आहे.

शनि. १७
सर म्हणाले, "कारणं पक्की आहेत काकू. पण निष्कर्ष आधी ठरवून कारणं मागून गोळा केल्यासारखी वाटतात. विरुद्ध बाजू दोन ओळींत उरकलीत. आणि ज्या मुलीबद्दल सांगायचं, तिला काय वाटतं?" सगळ्यांसमोर! कालचं पोर. रिक्षात बसले तरी कान तापलेले. माझ्या पोरीला विचारलं होतं का कुणी, तिला काय वाटतं?

सोम. १९
माघ लागला. मुलाच्या आईचा फोन. बाई साधी आहे. "तुम्ही घरात मोठ्या, तुमचा शब्द आम्हाला पुरे." अगदी जिभेवर आलं होतं. पण फोनवर काय मजा? गुरुवारी चहाला बोलावलं. धाकटीच्या कानावर जाईल तेव्हा कशी तडफडेल! आज पोटभर जेवले.

बुध. २१
मुक्ता आली, एकटी, एसटीने. पाणीसुद्धा प्यायली नाही. "मोठी आई, उद्या ते येणारेत ना? माझ्या फिटचं सांगा त्यांना."

पाण्याचा पेला मी तसाच ओट्यावर ठेवला.

"मी सांगते म्हटलं की आई जीव द्यायची भाषा करते. मला नाही असं नांदायचं. गोळी काय रोज बाथरूममध्ये जाऊन घेऊ? मोडलं तर मोडू दे." दारात चपला घालताना म्हणाली, "स्नेहलताईच्या वेळी आईने काय केलं, ठाऊक आहे मला. तरी तुमच्याकडेच आले."

अगं मेले! एवढी तयारी केली, आणि पोरीने तेच माझ्याकडून उपकार म्हणून मागितलं. खरं सांगितलं तर धाकटीची लेक सुटते, तीही माझ्या हाताने. उलट मी हसून "लाखात एक मुलगी" म्हटलं की झालं. पुढचं लग्नानंतर आपोआप होईल. मला बोट उचलायला नको.



गुरु. २२
पोहे भिजवले. निबंध परत वाचला. एकही कारण मागे घेता येत नाही, हीच तर पंचाईत. सगळी मुक्ताच्या बाजूची निघाली.

धाकटीचा फोन. माझ्याकडे येऊन काय मागितलं, ते मुक्ताने घरी सांगून टाकलंय. नुसती रडत होती. "ताई, तुमच्या पाया पडते. माझं जे चुकलं ते चुकलं. पण ते तेवढं बोलू नका." हे ऐकायला कान आसुसले होते माझे. लय गोड लागलं, खोटं कशाला लिहू. ती स्वतःच्या तोंडाने मागतेय, आणि मागतेय तेच दिलं तर तिच्याच पोरीचं वाटोळं.

मी म्हटलं, "बरं."

रडत रडत मला आशीर्वाद देत होती, माझ्याहून लहान असून.

खाली गाडी लागली. हे दार उघडायला गेलेत. मोबाइलवर मुक्ता: 'मोठी आई, सांगितलं का?'