बाटल्यांच्या लेबलांची वही

आबा, तुमची वही माझ्याकडे आहे. बोटीवरच्या रिकाम्या बाटल्या पाण्यात भिजवून सोडवलेली लेबलं तुम्ही तिच्यात खळीने चिकटवली होती. कडा पिवळ्या पडल्यात, पण नावं वाचता येतात. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मी पोलादपूरच्या शाळेत इंग्रजी अक्षरं शिकले होते, म्हणून त्या मे महिन्यात तुम्ही सुट्टीवर आलात तेव्हा ती वाचायचं काम माझं होतं. इटालियन बोटीवर पहिल्या वर्गाच्या उतारूंना वाइन वाढायची तर परीक्षा होती. ती दिली नाही तर तुम्ही जन्मभर उष्टी ताटंच उचलणार होतात.

उमरठच्या आपल्या स्वयंपाकघरात आई भाकरी थापते आहे. मी बोट ठेवून वाचते, "बारोलो." तुम्ही डोळे मिटता. "मुलूख पिएमाँते. बारोलो हे गावाचं नाव, द्राक्षाचं नाय. द्राक्ष नेबिओलो. धुकं पडेस्तोवर वेलावर राहतं, आपल्या गरव्या भातासारखं, उशिरा पिकणारं." मग कियांती. मुलूख तोस्काना, द्राक्ष सांजोवेझे. बाटलीच्या गळ्यावर काळा कोंबडा छापलेला असला तर ती मूळच्या, जुन्या शिवारातली. साध्या वाइनला गावाचं नाव नसतं. "तिथं सरकारनं नवा कायदा केलाय. गावाचं नाव लावायचं तर द्राक्ष त्याच शिवारातलं पायजे, ठरल्या जातीचं. हितं शिवथरचा तांदूळ म्हणून महाडच्या बाजारात कोण काय पण विकतो." आई मागे न वळता म्हणते, "म्हणजे दारूला पण कुळ बघतात." तुम्ही हसता. तुम्ही फार कमी हसायचात.

मी विचारलं, चव कशी असते? "आवळा चावल्यासारखी. जीभ आवळून धरते." आईचा हात थांबला. तुमच्या गळ्यात आजोबांनी घातलेली तुळशीची माळ होती. तुम्ही खालच्या आवाजात म्हणालात, "घोट घेऊन सांगावं लागतं. तेवढ्यापुरती माळ काढून पेटीत ठेवतो. वाडीत बोलू नको गो."

मला त्यात पाप दिसलं नाही. अभिमान वाटला. दोन दिवसांनी भजनाच्या म्हाताऱ्या बुवांनी विहिरीवर विचारलं, "बाप काय शिकतो गो तुझा बोटीवर?" मी सगळं सांगितलं, आवळ्यासकट.

एकादशीला दुपारी देवळात बुवा सगळ्यांसमोर म्हणाले, "टाळ ठेव खाली. माळ काढून पिणाऱ्याचा टाळ देवाला नको." तुम्ही टाळांची दोरी नीट गुंडाळलीत आणि ठेवलेत.

शेजारचे काका तुमच्याच बोटीवर भटारखान्यात होते. त्यांनीच तुम्हाला नोकरी लावून दिली होती. तेही सुट्टीवर आलेले. दुसऱ्या कुणाला माहीत असणार, असं तुम्ही धरलंत. ते दारात आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको." ते विचारत राहिले, "अरे, पण मी केलं काय?" मी चुलीत लाकूड सरकवत होते. मान वर केली नाही.

परीक्षा तुम्ही दिली नाहीत. माळ पुन्हा काढली नाहीत, आणि टाळही पुन्हा हातात आले नाहीत. तिसऱ्या पावसाळ्यात मुंबईहून खोकत आलात ते परत गेला नाहीत. काका खांदा द्यायला आले, तर आईने तुमची इच्छा म्हणून नको म्हटलं. ते भिजत अंगणाबाहेर उभे राहिले. मी दाराआडून पाहत राहिले.

पुढे मी शिक्षिका झाले. तुम्ही पाठ केलेली नावं, मुलूख, द्राक्षं पुस्तकातून ताडून पाहिली. एकही चुकलेलं नाही. हे पत्र त्याच वहीत ठेवते.

आज सकाळी वही घेऊन काकांकडे गेले होते. फार थकलेत. काळ्या कोंबड्यावर बोट ठेवून म्हणाले, "तुझ्या बापाला हे सगळं पाठ होतं. मी नव्हतं गो सांगितलं." मी म्हटलं, "माहीत आहे, काका." कसं माहीत, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.