जोखीम आधी माझी

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, माझा पूल उभा राहिला! माझा म्हणजे कंपनीचाच, पण आराखडा माझा, पहिलावहिला. आता वाहतूक सुरू होण्याआधी त्याची चाचणी. वाळूनं गच्च भरलेले ट्रक एकेक करून वर आणायचे आणि पूल किती वाकतो ते मोजायचं. आमच्याकडे रीत आहे, ज्याचा आराखडा त्यानं त्या वेळी पुलाखाली उभं राहायचं. सक्ती नाही. साहेब तर म्हणाले, काठावरून बघ. पण मी खालीच उभी राहणार. पुलाची जोखीम आधी माझी, मग लोकांची.

हे बाबांना सांगितलं आणि घोटाळा झाला. जन्मभर पुलांवरून बस चालवलेला माणूस, पण भरलं ताट बाजूला सारून म्हणाले, दुसरी नोकरी बघ. तेव्हापासून अबोला. मला ते तिथे हवे आहेत गं. ते नसतील तर पूल पास होऊनही माझा आनंद निम्माच. त्यांनाही पत्र टाकलंय, पण ते ऐकतात फक्त तुझं. दिवस-वेळ मागच्या बाजूला लिहिली आहे. साइटवर फोन लागत नाही, तेव्हा पत्रच पाठव.

गुडघ्याला जप, आणि मला अशीच लाडावून ठेव.

तुझी,
ठकू

८ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं, तुझं पत्र आलं आणि आमच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात आम्ही नेमके ‘पेरिल’ या शब्दावर! धोका, संकट, जोखीम असं लिहून मी मोकळी होणार होते, तेवढ्यात व्युत्पत्ती बघितली आणि खुर्चीतच उडाले. हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा आधीचा अर्थ परीक्षा, करून बघणं! धोका मागाहून चिकटला. ‘एक्सपीरियन्स’ आणि ‘एक्सपर्ट’ही याच घराण्यातले. सकाळपासून ऑफिसात भेटेल त्याला हेच सांगतेय. चहावाल्यालाही सांगून झालं.

आता माझा पराक्रम ऐक. आमच्याकडे प्रत्येक अर्थाखाली वाक्य लागतं, आणि ते कुणीतरी खरोखर लिहिलेलं असावं लागतं. तुझं जोखमीचं वाक्य मला इतकं आवडलं, की कात्री घेतली, कापलं, कार्डावर चिकटवलं. मग लक्षात आलं, दिवस-वेळ त्याच्याच मागे! आमचा डिंक काही सोडत नाही. माझ्या गुडघ्याला तुझ्या नदीचा उतार झेपणार नाही, पण काळजी नेमकी कधी करायची ते तरी कळायला हवं ना?

शेवटी दादाला फोन केला. तुझं पत्र न वाचताच टाकून दिलं असं तो मला ठासून म्हणाला होता. आणि काय गं, पठ्ठ्यानं दिवस सांगितला, वेळ सांगितली, कुठली बस कुठे बदलायची तेही सांगितलं! पकडला गेलो हे कळल्यावर माझ्यावरच डाफरला. येणार का म्हटलं, तर म्हणाला, मला बघवणार नाही. खरं सांगू, मलाही भीती वाटते. पण तू खालीच उभी राहा.

पूल पास झाला की आधी मला कळव, मग जगाला.

तुझी,
आत्या

१५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पास! पास! पास! घाईघाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

बाबा आले. लांब काठावर पाठ फिरवून उभे होते. पहिले ट्रक चढले, पूल हळूहळू वाकू लागला. आकडे माझ्या हिशोबाप्रमाणेच होते, तरी मी ते पुन्हा पुन्हा ताडून बघत होते. शेवटचा ट्रक चढू लागला आणि बघते तर बाबा तरातरा उतरून माझ्याकडे येताहेत. शेजारी उभे राहिले आणि आमच्या दोघांच्या डोक्यावर छत्री उघडली! सहा ट्रक वाळू वर, आणि खाली बाबांची छत्री. साहेबांनी हसू दाबायला तोंड फिरवलं. मला मात्र रडू आलं.

ट्रक उतरले, पूल पुन्हा होता तसा सरळ झाला. बाबांनी तोवर छत्री मिटली नाही.

कोशात अजून जागा असेल तर त्यांचं एक वाक्य पाठवते. ते म्हणाले, बघवणार नाही म्हणून लांब थांबलो, पण लांबून तर अजिबातच बघवेना. तुमचा नियम माहीत आहे, म्हणून त्यांच्याच हातानं लिहून घेतलं. सोबत जोडलंय. खुशाल चिकटव, मागची बाजू कोरी आहे.

तुझी,
ठकू