रिकामे रकाने

१६ नोव्हेंबर २००९, सोमवार

नाही चाललं! नवं मशीन चौसष्ट बिटचं, आकडेवारीचं सॉफ्टवेअर चौसष्टचं, आणि डेटाबेसशी जोडून देणारा ड्रायव्हर मात्र जुना, बत्तीसचा. दोघांचं जमत नाही. दिवसभर एकच उत्तर — ड्रायव्हर सापडला नाही. अरे, माझ्या हाताने बसवलाय मी तो!

सुब्बा, आमच्या आरोग्य-प्रोजेक्टचा तमिळ साहेब, तीनदा टेबलापाशी येऊन गेला. 'यामिनी, फ्रायडे रिपोर्ट पोगणुम, ओके-वा?' शुक्रवारी कसला जातोय!

१७, मंगळवार

विंडोजमध्ये ड्रायव्हर नोंदवायच्या खिडक्या दोन आहेत म्हणे, दिसायला जुळ्या बहिणी. चौसष्टवाली ज्या फोल्डरात आहे त्याच्या नावात बत्तीस, आणि बत्तीसवालीच्या फोल्डरच्या नावात चौसष्ट! हे बारसं कुणी केलं त्याला एकदा भेटायचंय.

चौसष्टचा ड्रायव्हर उतरवून घेताना दोनदा वीज गेली.

१८, बुधवार

जोडलं! दहाला डेटा आला, साडेदहाला आनंद संपला. पडताळा म्हणून २००७च्याच डेटावर तेव्हाचा अहवाल पुन्हा काढून पाहिला. अकरा केंद्रांचे आकडे तंतोतंत जुळतात, बाराव्याचे नाहीत. बारावं म्हणजे अन्नपूर्णाबाईंचं; घरोघर जाऊन गोळ्या वाटणं आणि फॉर्म भरणं त्यांच्याकडे होतं.

प्रश्न साधा — गरोदर बाईने गेल्या आठवड्यात लोहाच्या गोळ्या किती दिवस घेतल्या? २००७त त्यांच्या केंद्राची सरासरी दोनच्याही खाली होती. 'गोळ्या वाटल्याच जात नसाव्यात' हे वाक्य अहवालात माझं. त्यावरून त्यांना घरी बसवलं. आता नवा ड्रायव्हर म्हणतो, पाचाच्या वर. खोटारडा मेला!

१९, गुरुवार

ड्रायव्हरच्या तीन आवृत्त्या बदलल्या. तिन्ही पाचच म्हणतात. डोकं उठलंय.

संध्याकाळी मांबलम स्टेशनबाहेर नेमक्या अन्नपूर्णाबाईच दिसल्या. तंजावरकडच्या, मी सोलापूरहून इथे आले तेव्हा ऑफिसात मराठी बोलणारं ते एकच माणूस. पहिला महिनाभर त्यांच्याच डब्यातलं जेवले. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. आकडे माझे नव्हते, मशीनचे होते — दोन वर्षं हेच घोकतेय.

२०, शुक्रवार

जुनं मशीन अडगळीतून काढून नव्याशेजारी लावलं. एकेक ओळ ताडून पाहिली. जिथे नवा रिकामा रकाना दाखवतो, तिथे जुना शून्य दाखवतो. रिकाम्या जागी हा जुना शून्य भरत होता! रिकामा रकाना सरासरीत धरत नाहीत, शून्य धरतात. संपलं.

मूळ फॉर्म काढले. रकाने कोरे, आणि कडेला पेन्सिलीने 'माहेरीं'. सातव्या महिन्यात बांगड्या भरल्या की बायका माहेरी जातात. बाकीच्या केंद्रांतल्या कार्यकर्त्या सासूला विचारून 'सात दिवस' लिहायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. अन्नपूर्णाबाई नाही. एकदा म्हणाल्या होत्या, 'पाहिलें नाही तें लिहूं कसें?' मी तेव्हा हसले होते.

सुब्बा म्हणतो, जुनाच ड्रायव्हर लाव, 'नंबर्स मॅच आगुम इल्ले?' आकडे जुळले की झालं याचं! लाज वाटली — त्याची थोडी, माझी फार. अहवाल नव्यावरच काढला. २००७च्या आकड्यांतली चूक माझी, आणि अन्नपूर्णाबाईंनी गोळ्या वाटल्या होत्या, हे पहिल्याच पानावर लिहिलं. त्याला न विचारता पाठवून दिला.

२१, शनिवार

अन्नपूर्णाबाईंच्या घरी गेले. सगळं सांगितलं — बत्तीस, चौसष्ट, शून्य. त्यांनी ऐकून घेतलं, कॉफी पुढे केली.

'मशीनाला पांच दिवस विचारलेंस, अम्मा. मला एक वेळ विचारायचें नव्हतें?'