तुमचीही म्हणा ना

प्रिय दादा,

जीव थाऱ्यावर नाही म्हणून लिहितेय. पाठवायची हिंमत मात्र होणार नाही. चर्चच्या स्वयंपाकघरात जेवायला येणाऱ्या एका परधर्मीय बाईने काल विचारलं, "ताई, आम्हाला बाटवणार का?" मी पटकन "नाही" म्हणाले. हे स्वयंपाकघराला पैसे पुरवणाऱ्या तुझ्या समितीला कळलं, तर स्वयंपाकघराला टाळंच लागेल.

आज तिने मला घरी नेलं. तिची आई अखेरच्या घटका मोजत होती. लेकीने आपली प्रार्थना म्हटली.

"ताई, तुमचीही म्हणा ना. आई फार घाबरलीय."

मी रडत रडत म्हटली. म्हातारीने माझा हात शेवटपर्यंत सोडला नाही.

आता तू विचारशील, किती जण प्रभूकडे आले? दादा, बहुतेक मी एकटीच.

तुझी,
धाकटी