उतारावरचं खुराडं

दि. ३ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं. बेकरीत काम वाढलंय, तुला मान वर करायला फुरसत नाही, हे वाचलं. इकडे माझी पाठच वाकत नाही, तेव्हा दोघांचंही एकूण बरं चाललंय म्हणायचं.

बाबांच्या मांडीचं हाड अजून जुळलेलं नाही. पलंग खिडकीशी लावून दिला, म्हणून त्यांचा दिवस तरी जातो. कोंबड्या मात्र माझ्या गळ्यात पडल्या. ते फिरतं खुराडं आठवतंय ना? वर पत्रा, चारी बाजूंनी जाळी आणि खाली तळच नाही. रोज सकाळी ते त्याच्याच लांबीइतकं पुढे ओढायचं, म्हणजे कोंबड्यांना ताजं गवत मिळतं आणि घाण एका जागी साचत नाही. बाबांनी ते जन्मभर टिकावं असं बनवलं, त्यामुळे वजनही जन्मभराचं आहे. आई होती तेव्हा एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला बाबा. आता दोन्ही बाजूंना मीच.

खरं सांगते, मी रोज सोपं तेच केलं. उताराकडे ओढलं की खुराडं आपणहून सरकतं. असं करता करता ते पार तळाच्या कुंपणाला टेकलंय. तिथे ओल आहे, गवत संपलंय आणि वर ओढायला गेले तर जागचं हलत नाही. शिवाय ते आता खिडकीतून दिसत नाही. मी कोंबड्या विकून टाकल्या अशी बाबांची खात्रीच झाली आहे. काल तुरेवाली कोंबडी काखोटीला मारून आणून दाखवली, तर म्हणाले की ही शेजाऱ्यांची आहे. जेवणही तसंच ठेवलं. दोन दिवस येऊन जाशील का?

लोभ आहेच, तो जरा अंगमेहनतीतही दिसू दे.

तुझी अक्का

दि. ९ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

वाचून वाईट वाटलं आणि हसूही आलं, रागावू नकोस. खुराडं उताराला आडवं सरकवत न्यायला हवं होतंस, म्हणजे असं तळाला गेलं नसतं. असो. भट्टीवर माझ्या जागी उभं राहायला सध्या कोणी नाही. मालकांकडे रजेचा विषय काढला, तर त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. म्हणून जाड दोर आणि कप्पी पार्सलने पाठवतोय. कप्पी खिडकीजवळच्या झाडाला बांध आणि दोर ओढ. मागची कड कोणीतरी उचलून धरली की झालं. शेजाऱ्यांना विचारून बघ.

बाबांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा

दि. १७ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दोर मिळाला, कप्पीही मिळाली. दोन्ही मजबूत आहेत. पण अरे, दुरून डोंगर साजरे. शेजाऱ्यांना संधिवात आहे, खुर्चीतून उठताना त्यांनाच कोणीतरी उचलावं लागतं.

मग एकटीनेच करून पाहिलं. खुराडं थोडं वर आलं, पण मागची कड मातीत रुतली आणि कोंबड्यांचे पाय तिच्याखाली सापडायला लागले. दोर सोडून मागे धावले, तर सगळं पुन्हा घसरत खाली. तुरेवालीचा पाय चेंगरला. बांधलाय, जगेल ती. मी तिथेच ओल्या गवतात बसून रडले. कोंबडीसाठी नाही रे, मी फार थकलेय.

आज बाबांनी विचारलं, की कोंबड्यांसारखं धाकट्यालाही विकून टाकलंस का.

दोर मी ओढेन. मागची कड कोण उचलणार, एवढंच कळव.

अक्का

दि. २१ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र भट्टीसमोर वाचलं आणि पाव करपले. मालक चिडले. त्यांना सांगून टाकलं, की रजा द्या नाहीतर दुसरा माणूस बघा.

शनिवारी सकाळी पोहोचतो. मागची कड मी उचलतो. खुराडं खिडकीखाली आल्याशिवाय परतीचं तिकीट काढणार नाही, आणि त्यानंतरही घाई करणार नाही. तू तोवर दोराला हात लावू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. मी येतोय हे बाबांना सांगू नकोस. त्यांना आधी कोंबड्या दिसू देत.